बालरथाची मागची सीट : आठवीतल्या एका मुलाचे प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले. मुलाला इथे तन्मय म्हटले आहे, ते त्याचे खरे नाव नव्हे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत समुपदेशक म्हणून माझा या प्रकरणाशी संबंध आला, आणि मुलगा व पालक या दोघांना विचारूनच ते लिहिले आहे.

पार्श्वभूमी

तन्मय तेरा वर्षांचा, आठवीत. चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत होता. पाचवीपासून तालुक्यातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये, म्हणजे इंग्रजी माध्यमात आला. गोव्यातल्या खेड्यांमधल्या बऱ्याच मुलांची वाट अशीच जाते. घरी कोंकणी, पुस्तकात इंग्रजी आणि देवळाच्या मंडपात मराठी नाटक. वडील मोपाच्या विमानतळावर पाळीने कामाला जातात, आई घरी असते. आजोबा जुने नाटकवाले. शाळेत जायला बालरथ, म्हणजे शाळेची बस.

मे महिन्यात देवळाच्या वर्धापनदिनाला गावच्या मंडळाने पौराणिक नाटक केले. त्यात लहान राजकन्येचे काम करायला मुलगी मिळेना, म्हणून तन्मयला उभे केले. त्याने ते छानच केले, दोनदा टाळ्या घेतल्या. पेडण्यात दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला साडी नेसलेल्या पुरुषात काही वावगे वाटत नाही. मंडपात सगळ्यांनी कौतुक केले. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केले, तेही कौतुकानेच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि त्या चित्रणातला एक चेहरा कापून त्याचा व्हॉट्सअॅप स्टिकर झाला. त्याखाली 'मावशी' एवढेच लिहिलेले.

तक्रार आली ती उलटीच

हे सगळे शाळेला माहीत नव्हते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर पाचवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. तिची तक्रार अशी की आठवीतला तन्मय तिच्या मुलाचा डबा बसमध्ये रोज काढून घेतो, मागे नेतो आणि अर्धा रिकामा करून परत देतो. मुलगा रात्री रडतो आणि सकाळी बसमध्ये चढायला तयार होत नाही. क्लास टीचरनी तन्मयला माझ्याकडे पाठवले. सोबतच्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते : 'शिस्तीचा प्रश्न'.

म्हणजे माझ्या वहीत तो आरोपी म्हणून दाखल झाला. पहिला निर्णय तिथेच घ्यायचा होता. 'असे का केलेस?' असे विचारले की तेरा वर्षांचा मुलगा जमिनीकडे पाहतो आणि 'सॉरी' म्हणतो. प्रश्न मिटल्यासारखा दिसतो. मी त्याला कागद दिला आणि बालरथाचे चित्र काढायला सांगितले. कोण कुठे बसतो, एवढेच.

त्याने लांबट चौकोन काढला. पुढे ड्रायव्हर, दाराजवळ अटेंडंट ताई, मग रांगा. प्रत्येक सीटवर नाव. शेवटची आडवी सीट काढताना पेन्सिल जरा दाबली गेली. तिथे चार नावे होती, एक दहावीतले आणि तीन नववीतली. बस भरली, पण त्यात तन्मय कुठेच नव्हता.

"तू कुठे बसतोस?"

त्याने दाराच्या पायरीवर एक टिंब दिले. सीट रिकामी असली तरी तो तिथे उभा राहायचा, कारण बसले की मागून कुणीतरी 'मावशी, सरक' म्हणत शेजारी यायचे. मग मी विचारले, डबा कुठून कुठे जातो. त्याने तिसऱ्या रांगेपासून मागच्या सीटपर्यंत बाण काढला. डबा तो स्वतःसाठी नेत नव्हता. मागच्या सीटच्या पात्रांवाने, म्हणजे म्होरक्याने, त्याला काम नेमून दिले होते : रोज एक डबा आण, स्टिकर टाकणार नाही. त्याआधी दोन महिने भाजी-पावाचे पैसे द्यावे लागत होते. आईच्या पाकिटातल्या दहा-वीसच्या नोटा कुठे जात होत्या तेही त्यातून कळले, आणि सोमवारी सकाळी पोटात का दुखते तेही.

मस्ती की सतावणूक?

शिक्षकांच्या खोलीत मते अर्थातच दोन पडली. 'मुले आहेत, चालायचेच' हे एक. 'पोरगा जरा धीट व्हायला हवा, कराटे लावा' हे दुसरे. दुसरे मत मला जास्त धोक्याचे वाटते, कारण ते मुलाच्या बाजूचे असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते सगळा भार त्याच्याच डोक्यावर ठेवते.

नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ दान ऑल्वेउस यांनी शाळेतल्या सतावणुकीवर १९७० च्या दशकात काम सुरू केले. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात : दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन्ही बाजूंच्या ताकदीत फरक. इथे तिन्ही होत्या. चौघे मोठे, एक लहान. जूनपासून रोज, जाता-येता. पैसे आणि डबे वसूल होत होते. यानंतर मस्तीचा मुद्दा आम्ही बाजूला ठेवला.

पाचवीतल्या मुलाच्या बाबतीत मात्र तन्मयचा हात होता, हेही तितकेच खरे. दबावाखाली केले म्हणून केले नाही असे होत नाही. एकाच वेळी त्रास सोसणारी आणि पुढे देणारी मुले केवळ सोसणाऱ्यांपेक्षाही अधिक अडचणीत सापडतात, असे अभ्यासांत वारंवार आढळले आहे. त्याला माफ करून मोकळे करणे सोपे होते, शिक्षा करून मोकळे होणेही सोपे होते.

समोरचे पर्याय

पहिला मार्ग शिक्षेचा. चौघांना आणि तन्मयला आठवडाभर घरी बसवावे, असे एकाने सुचवले. आणखी एकाने पूर्वीसारखे वर्गाबाहेर गुडघ्यांवर उभे करण्याची आठवण काढली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपला. घरी बसवण्यात अडचण वेगळी होती. आठवड्याने सगळे त्याच बसमध्ये, त्याच सीटवर परत येणार, आणि 'कुणामुळे बसलो' हे चौघांना ठाऊक असणार.

दुसरा मार्ग वडिलांचा. "मी स्कूटरने सोडतो, बसच नको." बापाचा जीव तुटत होता, ते समजण्यासारखे होते. पण पाळी बदलली की सोडणार कोण? आणि बसमधून तन्मय गेला की पायरीवर दुसरा कुणीतरी उभा राहणार.

तिसरा, समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणे. हे शाळांना फार आवडते. सारख्याला सारखा भांडला असेल तर ते चालतेही. ताकद विषम असताना त्या खोलीत लहान मुलगा मान हलवतो, मोठा 'सॉरी' म्हणतो आणि हिशेब बसमध्ये पुरा होतो. मी याला स्पष्ट नाही म्हटले.

चौथा, पोलीस किंवा १०९८ ही चाइल्डलाइन. गोवा बाल कायदा, २००३ आहे, त्याखालचे बाल न्यायालय आहे, मार्ग बंद नव्हता. तो राखून ठेवला, पण कधी वापरायचा ते आधीच लिहून ठेवले : मारहाण झाली तर, चित्र आणखी विकृत केले तर, किंवा मुलाच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा सूर आला तर. शेवटच्या गोष्टीबद्दल मी त्याला थेट विचारले. विचारल्याने डोक्यात येते ही समजूत चुकीची आहे. तो 'नाही' म्हणाला, आणि ते खरे वाटले. स्टिकरवर लैंगिक स्वरूपाचे काही असते तर पर्याय उरलाच नसता, पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक झाले असते. म्हणून स्टिकर हेडमास्तरांसमोर नीट पाहिला, एक प्रत पुरावा म्हणून ठेवली आणि ती कुणालाही पुढे पाठवायची नाही असे ठरले.

उरला तो मार्ग लांबचा होता. बस बदलायची, बघ्यांना हलवायचे, चौघांशी वेगवेगळे बोलायचे आणि तन्मयची तयारी करायची. हा क्रम मुद्दाम असा. मुलाच्या आत्मविश्वासापासून सुरुवात करायची नाही, हे माझे मत या प्रकरणानंतर अधिक पक्के झाले. ज्या बसमध्ये चाळीस मुले गप्प बसतात तिथे एकट्याने धीट व्हायचे म्हणजे मोठ्यांनी हात झटकल्यासारखेच.

काय केले

सर्वात आधी अटेंडंट ताईंना बोलावले. त्यांना सगळे माहीत होते. जूनपासून. "पण मला कोण विचारते?" त्या म्हणाल्या. त्यांची जागा दाराजवळून मागच्या तिसऱ्या रांगेत हलवली. पाचवी-सहावीची मुले पुढे, मागच्या आडव्या सीटवर दोनच मोठी मुले, बाकीची मधे. नियम सगळ्या बससाठी एकच, कुणाचे नाव न घेता. ताईंना एक वही दिली. पान भरायचे नाही, आज काय दिसले ते एका ओळीत.

मग बघे. तन्मयच्या वर्गातली दोन मुले त्याच बसमध्ये होती, आणि नववीतली एक मुलगी, जी अधूनमधून "सोडा रे त्याला" म्हणायची असे चित्र काढताना त्याने सांगितले होते. कॅनडात डेब्रा पेपलर आणि सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर चित्रण करून २००१ साली दाखवले की सोबतीच्या मुलाने मधे पडल्यावर ५७ टक्के वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. सॉलोमन अॅशचे १९५० च्या दशकातले प्रयोगही याच दिशेचे. सगळा गट डोळ्यांदेखत चुकीचे उत्तर देत असताना माणूस मान तुकवतो, पण एक जण जरी आपल्यासारखे बोलला तरी ते तुकवणे कितीतरी कमी होते. या तिघांना भांडायला सांगितले नाही. मुलांनी एवढेच करायचे की तन्मयसाठी जागा धरायची आणि तो आला की गणिताबद्दल, क्रिकेटबद्दल, कशाबद्दलही बोलायला लागायचे. मुलगी म्हणाली, "एवढेच? मला वाटले मारामारी करायची."

चौघांशी बोलताना स्वीडनच्या अनातोल पिकास यांची पद्धत वापरली. आरोप करायचा नाही. एकेकाला बोलावून म्हणायचे, "तन्मयचे बसमध्ये काही बरे चाललेले दिसत नाही. तुला काय दिसते?" नंतर, "तू काय करू शकशील?" नववीतल्या दोघांनी पहिल्याच भेटीत पैशांचे सांगितले, एकाने ते परत आणूनही दिले. दहावीतला बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "स्टिकर मी केला नाही, पण मी थांबवू शकतो." चौथ्याने शेवटपर्यंत काही कबूल केले नाही. त्याच्या वडिलांनीही "आमच्या वेळी याहून जास्त चालायचे" असे म्हणून विषय उडवला. त्या एकाच्या बाबतीत शिक्षक-पालक संघाच्या अध्यक्षांसमोर लेखी समज दिली. गोडीने सगळेच वळत नाहीत.

आता तन्मय. पाचवीतल्या मुलाची माफी त्याने भाषण करून मागायची नाही असे ठरले. महिनाभर बसमधून उतरल्यावर त्याची बॅग वर्गापर्यंत पोचवायची, तेही त्या मुलाला आणि त्याच्या आईला चालत असेल तरच. आईने आठवडाभर विचार करून होकार दिला.

आजोबांनी मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचा दाखला दिला. त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, मग तुला कसली लाज? दाखला खरा आहे. आठवीतल्या मुलाला बसच्या पायरीवर त्याचा उपयोग शून्य. त्याला हवे होते तोंडात बसेल असे एक वाक्य. नाटकातला मुलगा असल्याने तालीम या शब्दाला तो बिचकला नाही. मी मागची सीट झालो, तो तो. "मावशी!" म्हटल्यावर खाली पाहायचे नाही, हसायचेही नाही, "माझे नाव तन्मय" म्हणायचे आणि पुढे जाऊन बसायचे. उलट टोमणा मारायचा नाही. टोमणे चांगले असले तर मागच्या सीटला ती मेजवानीच. आवाज वर न नेता वाक्य संपवणे त्याला सर्वात जड गेले, शेवटचा शब्द दर वेळी गिळला जायचा.

नरकासुराची रात्र

यानंतर दिवाळी आली, आणि खरी कसोटी शाळेबाहेर होती. वाड्यावर जाळण्यासाठी नरकासुराचा पुतळा उभा राहत होता. लहान मुले गवत भरायला, खळ लावून कागद चिकटवायला, मोठी मुले वर्गणीला. मागच्या सीटवरचे दोघे त्याच गटात. निरोप आला : रात्रभर थांब, एक बियर मार, मग तू आमच्यातला, स्टिकर कायमचा डिलीट.

आईचे म्हणणे, पाठवायचेच नाही. अल्पवयीन मुलांना दारू विकायला मनाई आहे, पण नरकासुराच्या रात्री कुणाच्या डिकीत काय असते ते कोण तपासतो? तिची भीती रास्त होती. तन्मयला मात्र जायचे होते. पंधरा दिवस कागद चिकटवल्यावर जाळायच्या रात्री घरी बसणे म्हणजे वाड्यातून नाव कमी होणे.

बराच वेळ घालून मधला मार्ग निघाला. मामाच्या मुलाबरोबर जायचे, अकरापर्यंत थांबायचे, पहाटे जाळायच्या वेळी वडिलांबरोबर पुन्हा यायचे. आणि एक ठरलेला निरोप : 'आजीची गोळी कुठे आहे?' हा मेसेज आला की वडिलांनी पाच मिनिटांत फोन करायचा, खडसावून घरी बोलवायचे आणि तिठ्यावर स्कूटर घेऊन यायचे. वाटेत प्रश्न विचारायचा नाही. वडिलांना शेवटची अट सर्वात कठीण वाटली.

साडेदहाला मेसेज आला. बाटली हातात दिली गेली होती. तालमीतले वाक्य त्याला आठवलेच नाही. तो म्हणाला, "पप्पा येतोय, मारेल," बाटली दुसऱ्याच्या हातात दिली आणि चालू पडला. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना खजील होता, कारण 'नाही' म्हटले नव्हते. मी म्हटले, बाहेर पडलास ना, मग काम झाले. वडिलांवर ढकलले तरी चालते, या वयात तो हक्कच आहे. पहाटे तो वडिलांबरोबर नरकासुर जाळायला गेला. कुणी काही बोलले नाही.

परिणाम

नाताळच्या सुट्टीपर्यंत ताईंच्या वहीत सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते. सोमवारची पोटदुखी थांबली. पैसे जायचे थांबले. स्टिकर मात्र मेला नाही. डिसेंबरात तो दुसऱ्याच एका ग्रुपवर आला. तन्मयने काही लिहिले नाही. जागा धरणाऱ्या मुलांपैकी एकाने लिहिले, "जुने झाले रे हे," आणि संवाद क्रिकेटकडे वळला. चौथा मुलगा अजून त्याच्याशी बोलत नाही, त्रासही देत नाही.

पुढच्या नाटकात तन्मयने पुरुषाचेच काम मागितले. आजोबा रुसले. त्रासामुळे आवडती गोष्ट सुटली की वयाप्रमाणे आवाज फुटला म्हणून आवड बदलली, हे तोही सांगू शकत नाही. हे मी यशातही धरत नाही आणि अपयशातही.

वेगळे काय करता आले असते

जून ते सप्टेंबर हा काळ वाया गेला, आणि तो वाचवता आला असता. अटेंडंट आणि ड्रायव्हर यांना शिक्षकांच्या बैठकीला बोलावण्याची पद्धत नव्हती. मुले दिवसाचा पाऊण-एक तास ज्यांच्या नजरेखाली असतात त्यांना महिन्यातून एकदा चहा देऊन विचारायला शाळेला काहीही खर्च येत नाही. आता विचारतात.

चौघांच्या भेटी वेळापत्रकामुळे दोन दिवसांत विभागल्या गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या दोघांची उत्तरे आधीच जुळवलेली होती. एका सकाळीच चारही भेटी उरकायला हव्यात, त्यासाठी तासिका सोडाव्या लागल्या तरी.

दरम्यान, चांगल्या हेतूने प्रार्थनेच्या वेळी 'कुणाला चिडवू नये' यावर भाषण झाले. सगळ्या बसने तन्मयकडे वळून पाहिले. आईनेही एका रात्री न राहवून दहावीतल्या मुलाच्या आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी 'मावशी'च्या जागी 'आईचे बाळ' आले. पालकांनी मुलाला विचारल्याशिवाय समोरच्या घरी फोन करू नये, आणि 'आम्ही काही केले तर तुला आधी सांगू' हे पहिल्याच दिवशी कबूल करावे. हे वचन मिळाले असते तर तन्मय जुलैतच बोलला असता, असे तो स्वतः म्हणाला.

पाचवीतल्या मुलाचे मात्र राहून गेले. तक्रार त्याच्यामुळे आली आणि सगळ्यांचे लक्ष तन्मयच्या गोष्टीवर गेले, कारण ती अधिक गुंतागुंतीची होती. त्याच्या वाट्याला एक भेट आली, एक माफी आली, महिनाभर बॅग उचलणारा आला. पुढे आठवड्याला एकदा त्याला काय वाटते ते विचारायला कुणी नेमले नव्हते. बस सुरक्षित झाली हे त्याच्या आईला कुणी कळवले नाही, आणि ती अजून त्याला स्वतःच आणून सोडते. त्याची पहिली ठरलेली भेट आता पुढच्या सोमवारी आहे, आईसह. ताईंनी दुसऱ्या रांगेत खिडकीची जागा धरून ठेवायचे कबूल केले आहे. ती त्याला हवी आहे का, ते विचारायचे आहे.